तरुणास्थी आणि कूर्चा : सांध्याच्या वयाचा शब्देतिहास

१

जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके पालघर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, सह्याद्रीच्या उतरणीवर वसले आहेत. जव्हार ही १९४८ पर्यंत मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी अशा अनेक जमातींच्या बोली येथे शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे भाषाभ्यासकाला ह्या मुलखाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखक तेथे गेला तो गुराढोरांच्या वयवाचक शब्दांची यादी करण्यासाठी. त्या यादीतून निघालेला एक प्रश्न हाच ह्या लेखाचा विषय होय.

ह्या डोंगराळ पट्ट्यात डांगी जातीची गुरे आढळतात. इगतपुरी, अकोले आणि डांग ह्या बाजूंना जिचा मुख्य वावर आहे अशी ही जात धो धो पावसात टिकाव धरणारी म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, आणि खूर काळे व गारगोटीसारखे कठीण असतात. भातखाचरांची चिखलणी हे ह्या बैलांचे मुख्य काम. पोटरीभर चिखलातून औत ओढताना जनावराच्या सांध्यांवर केवढा भार येत असेल, हे एकदा पाहिले म्हणजे वेगळे सांगावे लागत नाही.

मोखाड्याकडील एका आठवडे बाजारात एक वृद्ध शेतकरी एक गोऱ्हा पारखीत होता. प्रथम त्याने गोऱ्ह्याचा खालचा ओठ ओढून दात पाहिले. (गुरांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून वय पाहावयाचे ते खालच्याच दातांवरून.) नंतर त्याने पुढच्या दोन्ही गुडघ्यांवरून सावकाश हात फिरवला. दात पाहिल्यावर आणखी काय चाचपता, असे विचारता तो म्हणाला, “मास्तर, दोनच दात आलेत. अजून एक पावसाळा मोकळा फिरू द्यायचा. सांधे कोवळे आहेत, आता जू ठेवलं तर जन्माचा जातो.”

दातांच्या वयाला आपल्या भाषेत शब्दांची पूर्ण मालिका आहे. सांध्याच्या वयाला मात्र ‘कोवळे’ ह्या एका विशेषणापलीकडे शब्द नाही. असे का झाले, आणि सांध्याच्या ठिकाणी वाढत्या वयाबरोबर वस्तुतः घडते काय, हे पाहण्याचे येथे योजिले आहे.

२

महाराष्ट्रातील बैलबाजारांत ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’, ‘सहा दाती’ आणि ‘जुळलेला’ अशी चढती भाषा चालते. ‘आदत’ ह्या शब्दाने संस्कृत ‘अदत्’ म्हणजे ‘दात नसलेला’ ह्या शब्दाची आठवण होते. वास्तविक आदत गोऱ्ह्याला दुधाचे दात असतातच. परंतु व्यवहारात ते मोजण्यात धरीत नाहीत. पक्क्या दातांची पहिली जोडी आली की तो दुसा, दुसरी आली की चौसा, आणि चौथी जोडी येऊन आठही दात एका ओळीत बसले की तो जुळलेला. देशी गुरांत पहिली जोडी साधारणतः दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान आणि शेवटची साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास येते.

दातांवरून वय सांगण्याची ही पद्धत अत्यंत प्राचीन होय. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (५.४.१४१) असा नियम आहे की, वयाचा अर्थ अभिप्रेत असता समासाच्या अखेरीस येणाऱ्या ‘दन्त’ शब्दाच्या जागी ‘दत्’ हे रूप येते. त्यामुळे ‘द्विदन्’ किंवा ‘चतुर्दन्’ म्हणजे केवळ दोन अथवा चार दातांचा नव्हे, तर त्या दातांनी दर्शविलेल्या वयाचा. पुढेच (५.४.१४६) वशिंडाबद्दलचा नियम येतो: अवस्था दाखवावयाची असता ‘ककुद’ शब्दातील अन्त्य स्वराचा लोप होतो. वशिंड न आलेले ते ‘अजातककुद्’, पूर्ण आलेले ते ‘पूर्णककुद्’. अमरकोशात ‘दम्य’ आणि ‘वत्सतर’ हे समानार्थी शब्द म्हणून येतात. दम्य म्हणजे वळण लावण्याच्या, जू खांद्यावर घेण्याच्या वयाला आलेला. एका व्याकरणकाराने गुरांच्या वयासाठी दोन स्वतंत्र सूत्रे खर्च करावीत, ह्यावरून त्या काळच्या व्यवहारात ह्या गणनेचे महत्त्व किती होते याची कल्पना येते.

ह्या सर्व खुणा बाहेरून दिसणाऱ्या आहेत. सांधा कातडीखाली झाकलेला, म्हणून त्याचे वय दातांवरून अनुमानाने जाणावयाचे, हीच लोकरीत राहिली. ते अनुमान कितपत खरे होते हे पुढे पाहू.

३

आता शारीराकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शल्यतंत्रानुसार हाडांची संख्या तीनशे सांगितली असून कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे त्यांचे पाच प्रकार केले आहेत. चरकाची संख्या तीनशे साठ आहे. हे आकडे एवढे मोठे का, याचा ऊहापोह रूडॉल्फ हर्न्ल यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केला. दात, तसेच आज ज्यांना आपण कूर्चा म्हणतो ते भाग, हेही प्राचीनांनी हाडांतच धरले होते, हे त्याचे एक प्रमुख कारण.

ह्या पाच प्रकारांपैकी ‘तरुण’ हा आपल्या विषयाचा. सुश्रुताने तरुण हाडांची स्थाने दिली आहेत ती नाक, कान, मान आणि नेत्रकोश ही. भग्नाच्या प्रकरणात तो सांगतो की, नळीची हाडे मोडतात, कपालांना चीर जाते, तरुण हाडे मात्र वाकतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नाकाची व कानाची कूर्चा कधीच हाड होत नाही. ती म्हातारपणीही कूर्चाच राहते. तेव्हा सुश्रुताच्या ‘तरुण’ ह्या विशेषणाचा अर्थ ‘पुढे प्रौढ हाड होणारे’ असा नसून ‘कोवळे, लवचीक’ असा आहे. संस्कृतात कोवळ्या गवतालाही ‘तरुण’ म्हणतात, ते ह्याच अर्थाने.

सांध्यांची संख्या सुश्रुत दोनशे दहा देतो आणि कोर, उलूखल इत्यादी त्यांचे आठ प्रकार मानतो. सांध्यांच्या आतील चिकट द्रव्याचे वर्णन करताना त्याने गाडीच्या चाकाची उपमा घेतली आहे: आस वंगणाने माखलेला असला की चाक सुरळीत फिरते, त्याप्रमाणे श्लेष्म्याने सांधे चालतात. वयाचा विचारही त्याच्याकडे आहे. मोडलेला भाग बाल्यात एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दोन महिन्यांत आणि उतारवयात तीन महिन्यांत, असे तो सांगतो. मात्र हाडांच्या टोकांवरील त्या गुळगुळीत, शुभ्र थराला त्याने वेगळे नाव दिलेले नाही.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने कूर्चा आणि हाड यांचा स्वभाव एकच मानला; भेद केवळ कमीअधिकपणाचा. दोहोंपैकी कशाचाही तुकडा कापला गेला तर तो पुन्हा वाढत नाही, असेही त्याने नोंदवले. याचा अर्थ असा की, कूर्चा म्हणजे ‘एक प्रकारचे हाड’ ही कल्पना दोन्ही परंपरांत मूळ धरून होती.

४

ही कल्पना प्रथम ढळली ती अठराव्या शतकात, आणि ती कोंबड्या व डुकरांवरील साध्या प्रयोगांनी. स्टीफन हेल्स याने अर्धवट वाढलेल्या कोंबडीच्या पायाच्या हाडाला दोन बारीक छिद्रे पाडली. दोन महिन्यांनी हाड लांब झाले होते, पण छिद्रांतील अंतर तेवढेच होते. हा प्रयोग त्याने १७२७ साली प्रसिद्ध केला. १७३६ साली जॉन बेल्चियर याने लंडनमधील एका चीट छापणाऱ्याच्या घरी खाल्लेल्या डुकराच्या मांसातील हाडे तांबडी दिसल्याची हकीकत मांडली. त्या डुकरांच्या खाण्यात मंजिष्ठेच्या जातीच्या रंगमुळीचा अंश गेला होता. नवे बनणारे हाड ह्या रंगाने तांबडे होते, असे आढळल्यावर फ्रान्समध्ये द्युआमेल आणि इंग्लंडमध्ये जॉन हंटर यांनी हाडांच्या वाढीचा माग काढला. लांब हाड वाढते ते मधून नव्हे, टोकांशी, हे त्यावरून निश्चित झाले.

जॉनचा वडील बंधू विल्यम हंटर याने १७४३ साली सांध्यांतील कूर्चेवर एक निबंध लिहिला. तीत तंतू हाडाच्या पृष्ठभागावर उभे असतात, मखमलीच्या लवेसारखे, असे त्याने म्हटले. आणि एकदा नष्ट झालेली ही कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असा इशाराही दिला. तो इशारा आजही बव्हंशी खरा आहे.

पुढील संशोधनाने जे चित्र पुरे केले ते थोडक्यात असे. नवजात वासराच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा जाड गोळा असतो. त्यात रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म बोगदे असतात, पेशींची दाटी असते आणि त्यांची विशेष मांडणी नसते. ह्याच गोळ्याच्या पोटात हाडाचे केंद्र उमटते व चहूकडे पसरते. अशा रीतीने मूळच्या एका कूर्चेच्या दोन वाटा होतात. एक भाग हाडाचा दांडा आणि टोक यांच्यामध्ये पट्टीसारखा उरतो; तो वाढीचा पट्टा. जनावराची उंची त्यातून वाढते, आणि वाढ संपताच तो स्वतः हाड होऊन नाहीसा होतो. दुसरा भाग सांध्याच्या पृष्ठभागावर राहतो व आयुष्यभर कूर्चाच असतो.

हा दुसरा भाग बदलत नाही असे मात्र समजू नये. बालपणी तोही वाढीला हातभार लावतो. १९६२ साली हेन्री मॅन्किन यांनी किरणोत्सर्गी खूण वापरून दाखविले की, सशाच्या पिलाच्या सांध्यातील कूर्चेत पेशी दोन निरनिराळ्या थरांत विभागत असतात. पूर्ण वाढलेल्या सशात ते विभाजन थांबलेले असते. वाढीबरोबर कूर्चा पातळ होते, तीतील पेशी विरळ होतात, रक्तवाहिन्यांचे बोगदे बुजतात. तळाचा थर कॅल्शियमयुक्त होऊन खालच्या हाडाला घट्ट बिलगतो. त्यानंतर कूर्चेचे पोषण व्हावयाचे ते केवळ सांध्यातील द्रवातून. पाण्याचे प्रमाण घटते, कोलॅजेन वाढते, आणि त्याच्या तंतूंमधील रासायनिक गाठी पक्क्या होत जातात.

सर्वांत लक्षणीय बदल होतो तो तंतूंच्या मांडणीत. स्वीडनच्या हुल्टक्रान्ट्स याने १८९८ साली कूर्चेला टाचणीने टोचून पडणाऱ्या चिरांच्या दिशा नोंदविल्या. १९२५ साली जर्मनीत बेनिंगहॉफ याने प्रौढ कूर्चेतील तंतूंची कमान वर्णिली: तळाशी ते उभे असतात, वर येता येता वळतात आणि पृष्ठभागाशी आडवे होतात. ही कमान जन्मतः नसते. मेंढ्यांवरील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, नवजात कोकराच्या सांध्यात तंतू बहुतांशी पृष्ठभागाला समांतर, म्हणजे आडवे असतात. ते पुढे पहिल्या दीड वर्षाच्या काळात उभे होत जातात. २००७ साली हुन्त्सिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या बाबतीत दाखविले की, हा बदल केवळ डागडुजीने होत नाही. बालपणीची कूर्चा खालून झिजून हाडाला जागा देते आणि वरच्या थरातून नवी कूर्चा तयार होते.

घोड्याच्या शिंगरांवर हॉलंडमध्ये झालेले संशोधन (२०००) ह्याला पूरक आहे. जन्मतः शिंगराच्या सांध्याचा पृष्ठभाग सर्वत्र सारख्याच घटनेचा असतो. कोरी पाटीच म्हणा ना. शिंगरू उभे राहून धावू लागले की कोठे सतत भार पडतो आणि कोठे अधूनमधून, यांप्रमाणे निरनिराळ्या जागांची घटना निरनिराळी होते. हा भेद पहिल्या वर्षातच बराचसा ठरतो, आणि बांधून ठेवलेल्या शिंगरांत तो उशिरा येतो.

५

आता बाजारातील त्या वृद्धाच्या अनुमानाकडे परत येऊ. वाढीचे पट्टे निरनिराळ्या हाडांत निरनिराळ्या वेळी मिटतात. पुरातत्त्वाच्या कामासाठी सिल्व्हर यांनी १९६९ साली दिलेल्या कोष्टकानुसार गुरांत दंडाच्या हाडाचे खालचे टोक १२ ते १८ महिन्यांत, पायाच्या नळीचे खालचे टोक २४ ते ३० महिन्यांत आणि मांडीच्या हाडाची टोके ४२ ते ४८ महिन्यांत जुळतात. हे आकडे युरोपीय जातींचे आहेत; आपल्या वशिंडाच्या गुरांची वाढ सामान्यतः सावकाश होते. तथापि क्रम तोच. ‘दुसा’ म्हणवणाऱ्या गोऱ्ह्याच्या पायाची नळी नुकती जुळत असते, तर मांडीचे व पुढच्या गुडघ्यावरचे हाड अद्याप वाढत असते. ‘जुळलेला’ होईपर्यंत तीही टोके जुळत आलेली असतात. बाजारात ‘जुळणे’ हे क्रियापद दातांना लावतात. परंतु त्याच सुमारास हाडांच्या टोकांचेही जुळणे पुरे होत असते. दातांवरून सांध्याचे वय ओळखण्याची लोकरीत निराधार नव्हती, हे ह्यावरून स्पष्ट होईल.

ह्या ज्ञानाचा उपयोग महाराष्ट्राच्या इतिहासालाही होतो. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीबरोबर गुरांची विपुल हाडे मिळाली. अशा हाडांची टोके सुटी आहेत की जुळलेली, यावरून जनावर कोणत्या वयात मेले हे पुरातत्त्वज्ञ ठरवतात. कोवळ्या वयातील हाडे अधिक असतील तर मांसासाठी, प्रौढ व वृद्ध जनावरांची अधिक असतील तर दूध आणि ओढकाम यांसाठी गुरे पाळली जात, असे अनुमान निघते. दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत. बैल जुंपण्याची आपली परंपरा किती जुनी आहे याची ती ठळक साक्ष होय.

आणखी एका बाबीची नोंद केली पाहिजे. खच्ची केलेल्या नरात वाढीचे पट्टे उशिरा मिटतात, म्हणून बैलाचे पाय वळूपेक्षा लांब होतात. अर्थात ज्याला जू ओढावयाचे त्याचाच सांधा अधिक काळ कोवळा राहतो. अशा गोऱ्ह्याला घाईने चिखलणीला जुंपणे म्हणजे न मिटलेल्या पट्ट्यावर आणि अर्धवट विणलेल्या कमानीवर ओझे टाकणे होय. “अजून एक पावसाळा” ही त्या शेतकऱ्याची मुदत ह्या दृष्टीने पाहता अगदी यथार्थ वाटते.

६

मराठीत आज ह्या द्रव्याला निदान चार नावे आहेत. विश्वकोशात ‘उपास्थि’, शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत ‘कास्थी’, वैद्यकीय लेखनात ‘कूर्चा’ आणि आयुर्वेदीय ग्रंथांत ‘तरुणास्थी’. ‘उपास्थी’ म्हणजे दुय्यम हाड. ‘कास्थी’ची फोड ‘कु’च्या जागी येणाऱ्या ‘का’ने करता येते. ‘किंचित’ ह्या अर्थीही हा ‘का’ येतो. तेव्हा कास्थी म्हणजे जेमतेम हाड. ‘तरुणास्थी’ हे कोवळे हाड. ही तिन्ही नावे हाडाशी तुलना करून दिलेली आहेत, आणि त्यांत कूर्चा म्हणजे हाडाचाच कमी प्रतीचा प्रकार ही जुनी दृष्टी टिकून आहे.

‘कूर्चा’ मात्र वेगळ्या कुळातील शब्द. संस्कृत ‘कूर्च’ म्हणजे गवताची जुडी, कुंचला. सुश्रुताने कूर्च म्हणून जे सहा भाग सांगितले ते हात, पाय आदी ठिकाणचे असून त्यांचा सांध्याच्या आवरणाशी संबंध नाही. परिभाषाकारांनी हा शब्द नव्या अर्थी योजिला. योगायोग असा की, हंटरने पाहिलेली उभ्या तंतूंची लव ही कुंचल्यासारखीच आहे. तेव्हा ‘कूर्चा’ हे नाव प्रौढ सांध्याच्या रचनेला नेमके लागू पडते. नवजात वासराच्या आडव्या तंतूंच्या कूर्चेला नव्हे. उलट ‘तरुणास्थी’ हे नाव, सुश्रुताचा मूळ अर्थ बाजूला ठेवून ‘हाड होऊ घातलेले’ असा अर्थ घेतल्यास, वाढीच्या पट्ट्याला शोभते. सांध्याच्या पृष्ठभागाला ते फसवे ठरते. दोन शब्द दोन निराळ्या वस्तूंसाठी हाताशी असताना आपण ते एकाच वस्तूचे पर्याय म्हणून वापरीत आहोत. वाढीच्या पट्ट्यासाठी ‘तरुणास्थी’ आणि सांध्याच्या आवरणासाठी ‘संधिकूर्चा’ अशी वाटणी केली तर पाठ्यपुस्तकांतील घोटाळा पुष्कळ कमी होईल, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. दवाखान्यांतून “गुडघ्यातले वंगण संपले”, “गादी झिजली” अशी भाषा सर्रास ऐकू येते. सुश्रुताच्या आसाची उपमा अशी आजही लोकांच्या जिभेवर आहे. परंतु वंगण पुन्हा घालता येते, गादी पुन्हा भरता येते. म्हणून हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात तशीच आशा उत्पन्न होते. १९५०-६० च्या दशकांतील अणुस्फोट-चाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण वाढले होते. त्या कार्बनाच्या आधारे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ साली दाखविले की, माणसाच्या गुडघ्यातील कूर्चेचे कोलॅजेन वाढीच्या वयात जे बनते तेच पुढे राहते. प्रौढपणी ते बदलले जात नाही. पन्नाशीतील माणूस ज्या तंतूंवर चालतो ते त्याच्या पोरवयातच विणले गेलेले असतात.

ह्या वाक्याचा अर्थ जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात विशेष गंभीर होतो. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे ह्या भागातील कुपोषणाकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले. जी बालके जगतात त्यांच्याही वाढीच्या पट्ट्यांचे काम उपासमारीत मंदावते, आणि पट्टे मिटल्यानंतर गेलेली उंची परत मिळत नाही. गोऱ्ह्याला आणखी एक पावसाळा मोकळा ठेवावा हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याच्या मुलांच्या वाट्यालाही तो मोकळा काळ, पोटभर अन्नासह, आला पाहिजे.

लोकभाषेने सांध्याच्या वयाला स्वतंत्र नाव दिले नसले तरी ते वय तिला अवगत होते; त्याची गणना तिने दातांच्या नावाने चालविली. शास्त्राने ते वय आता सांध्याच्या आतच पाहिले आहे. आपल्या परिभाषेने ह्या दोहोंची दखल घेऊन आपले शब्द नीट वाटून घ्यावेत, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.